अ‍ॅरेच्या पोटातील अ‍ॅरे

प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकांत रिकर्शनचा विषय निघाला की प्रारंभी फॅक्टोरियलचे उदाहरण ठेवण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे, की त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि तरीही, ज्या विद्यार्थ्याला १ ते ५ या संख्यांचा गुणाकार साध्या लूपने तीन-चार ओळींत करता येतो, त्याला तोच गुणाकार स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनने करून दाखविण्यात कोणते प्रयोजन साधते, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो आणि बहुधा अनुत्तरितच राहतो. दुसरे नेहमीचे उदाहरण फिबोनाचीच्या श्रेणीचे. या श्रेणीविषयी आपल्याला विशेष आस्था वाटावी असे कारण आहे. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, आणि त्याच्या सुमारे अर्धशतक आधी हेमचंद्राने मात्रावृत्तांची गणना करताना हाच नियम सांगितला होता: अमुक मात्रांच्या ओळी किती प्रकारच्या होतील, तर ज्यांच्या अखेरीस लघू आहे त्या एक मात्रा कमी असलेल्या ओळींइतक्या, आणि ज्यांच्या अखेरीस गुरू आहे त्या दोन मात्रा कमी असलेल्या ओळींइतक्या, या दोहोंची बेरीज. विचार म्हणून हा रिकर्शनचा नितांतसुंदर नमुना आहे. परंतु तो जसाच्या तसा फंक्शनमध्ये उतरविला, तर श्रेणीचे तिसावे पद काढण्यासाठी त्या फंक्शनला सुमारे २७ लाख वेळा हाक जाते, कारण तेच ते हिशेब ते पुनःपुन्हा नव्याने मांडीत बसते. पहिल्या उदाहरणात रिकर्शन अनावश्यक दिसते, दुसऱ्यात उधळे. आणि या दोन अनुभवांवरून नवशिक्याने त्याविषयी प्रतिकूल ग्रह करून घेतला तर त्याला दोष देता येत नाही.

माझ्या मते या अभ्यासाचे खरे क्षेत्र निराळे आहे, आणि ते म्हणजे नेस्टेड अ‍ॅरे, अर्थात् ज्या अ‍ॅरेच्या पोटात आणखी अ‍ॅरे आहेत, आणि त्यांच्याही पोटात कदाचित् आणखी आहेत, असा अ‍ॅरे. पुढील एक नमुना समोर ठेवून चालू:

[३, [४, [१, ५]], [], [[२]]]

यातील सर्व संख्यांची बेरीज करावयाची आहे. अ‍ॅरे सपाट असता, तर एक लूप पुरेसा होता. त्याच्या पोटात एकच थर असता, तर लूपच्या आत दुसरा लूप लिहून काम भागले असते. दोन थर असते तर तिसरा लूप. परंतु थर किती आहेत हे प्रोग्रॅम लिहिण्याच्या वेळी ठाऊकच नसेल, आज तीन आणि उद्या तीस अशी स्थिती असेल, तर एकात एक घातलेल्या लूपची कितीही दीर्घ माळ अपुरीच पडणार. येथे रिकर्शनची गरज लेखकाच्या हौसेतून उत्पन्न होत नाही. ती त्या सामग्रीच्या रचनेतूनच उत्पन्न होते, आणि म्हणूनच ती विद्यार्थ्याला पटते.

हे काम कसे चालते ते आपल्या महसुली कारभारावरून उत्तम रीतीने उमगते. महाराष्ट्रात ६ महसुली विभाग, त्यांत ३६ जिल्हे, जिल्ह्यांत तालुके, तालुक्यांत मंडळे, मंडळांत तलाठ्यांचे सजे आणि सजांत गावे, अशी एकात एक रचना आहे. सरकारने यंदाच्या वसुलीचा एकूण आकडा मागितला म्हणजे विभागीय आयुक्त गावोगाव फिरत नाहीत. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आकडे मागतात, जिल्हाधिकारी तहसीलदारांकडे, तहसीलदार मंडळ अधिकाऱ्यांकडे, आणि मंडळ अधिकारी तलाठ्यांकडे. प्रत्येक कचेरीला दिलेला हुकूम मात्र अक्षरशः एकच आहे: आपल्या हाताखालच्या प्रत्येकाकडून त्याचा आकडा मागवावा, आलेल्या आकड्यांची बेरीज करावी आणि ती वर रवाना करावी. जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या खाली किती पायऱ्या आहेत याची मोजदाद ठेवावी लागत नाही. तहसीलदाराने पाठविलेला आकडा बरोबर आहे एवढे गृहीत धरले की त्यांचे काम सुरळीत पार पडते. आणि ज्या तलाठ्याच्या दफ्तरात गावाचा आकडा प्रत्यक्ष लिहिलेलाच आहे, तो कोणाकडेही विचारणा न करता तो आकडा तसाच वर पाठवितो.

हाच हुकूम प्रोग्रॅमच्या रूपात लिहिला तर तो असा दिसेल:

फंक्शन बेरीज(यादी)
    एकूण = ०
    यादीतील प्रत्येक घटकासाठी
        घटक हा अ‍ॅरे असेल तर
            एकूण = एकूण + बेरीज(घटक)
        नसेल तर
            एकूण = एकूण + घटक
    एकूण परत दे

पाचवी ओळ लिहिताना विद्यार्थ्याचा हात थबकतो. जे फंक्शन अजून पुरते लिहूनही झालेले नाही, त्याचाच उपयोग त्याच्या पोटात कसा करावा, ही त्याची शंका स्वाभाविक आहे, आणि तिच्या निरसनासाठी तो बहुधा चुकीच्या मार्गाला लागतो: मनातल्या मनात यंत्राबरोबर एकेक थर खाली उतरू पाहतो, तिसऱ्या थराला पोचेपर्यंत पहिल्या थरावरील ‘एकूण’ची किंमत विसरतो, आणि रिकर्शन ही आपल्या आवाक्याबाहेरची विद्या आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. यावर मला ठाऊक असलेला खात्रीचा उपाय एकच आहे. फंक्शनची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी त्या फंक्शनचा करार एका पूर्ण वाक्यात, साध्या मराठीत, कागदावर उतरवावा: ‘या फंक्शनला कोणतीही यादी दिली असता, तिच्यात कितीही खोलवर असलेल्या सर्व संख्यांची बेरीज ते परत देते.’ हे वाक्य एकदा दाखल झाले की पाचव्या ओळीवर खाली उतरण्याचे कारण उरत नाही. आतला घटक हाही अ‍ॅरेच आहे. करार कोणत्याही अ‍ॅरेला लागू आहे. तेव्हा बेरीज(घटक) याचे उत्तर काय येणार हे करारानेच सांगितलेले आहे, आणि आपल्याला फक्त त्या उत्तराचे या थरावर काय करावयाचे एवढेच ठरवावयाचे आहे.

तथापि विश्वास हा पडताळ्यावर उभा असावा, म्हणून एकदा, आणि शक्यतो कागद-पेन्सिल घेऊन, वरील नमुना संपूर्ण चालवून पाहणे हितावह आहे. बाहेरचा अ‍ॅरे हाती येतो. ३ ही संख्या आहे, म्हणून एकूण ३. पुढचा घटक [४, [१, ५]] हा अ‍ॅरे; बाहेरचे काम ३ या आकड्यावर तहकूब राहते आणि आतले काम शून्यापासून सुरू होते. तेथे ४ मिळतात, मग [१, ५] समोर येतो, आणि हेही काम ४ वर तहकूब होते. तिसऱ्या थरावर १ आणि ५ मिळून ६ होतात, ते परत येतात. तहकूब ४ मध्ये मिळून १० होतात, ते परत येतात. तहकूब ३ मध्ये मिळून १३ होतात. नंतरचा रिकामा अ‍ॅरे: त्याचा लूप एकदाही फिरत नाही, म्हणून प्रारंभीचे शून्य तसेच परत येते, आणि १३ चे १३ राहतात. शेवटी [[२]]: त्याच्या आत [२], त्याच्या आत २, ते २ दोन थर चढून वर येतात आणि एकूण १५ होतात. फंक्शनला एकंदर सहा वेळा हाक गेली, कारण सर्व मिळून अ‍ॅरे सहाच आहेत; आणि एका वेळी अपूर्ण अवस्थेत राहिलेली कामे तीनांहून अधिक कधीच नव्हती, कारण थर तीन आहेत. या दोन संख्यांमधील भेद ज्याला नीट कळला, त्याला रिकर्शनला लागणारा वेळ आणि त्याला लागणारी जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे निराळे शिकविण्याची गरज राहत नाही.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. रिकर्शनला थांबा हवा, म्हणजे स्वतःला हाक न मारणारी एक तरी वाट हवी, असे सर्वत्र शिकविलेले असते; मग या फंक्शनमध्ये ‘यादी रिकामी असेल तर शून्य परत दे’ अशी ओळ का नाही? थांबा येथे आहेच, परंतु तो लूपच्या पोटात सामावलेला आहे. ज्या अ‍ॅरेत दुसरा अ‍ॅरे नाही, तेथे पाचव्या ओळीवर यंत्र पोचतच नाही. रिकामा अ‍ॅरे हा या प्रकाराचा केवळ सर्वांत लहान नमुना होय.

तहकूब कामे ठेवावयाची कोठे, हा प्रश्न आज कोणाला पडत नाही, कारण भाषेची यंत्रणा तो परस्पर सोडविते. पण संगणकाच्या आरंभकाळात तो मोठा बिकट होता. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रानच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रत्येक उपप्रोग्रॅमच्या चलांना आणि परतीच्या पत्त्याला स्मृतीत ठरावीक जागा दिलेली असे. एक काम अपूर्ण असताना त्याच उपप्रोग्रॅमला पुन्हा हाक मारली तर नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाई आणि परतीची वाटच बंद होई. फोर्ट्रानच्या अधिकृत प्रमाणात रिकर्शनला स्थान मिळाले ते थेट फोर्ट्रान ९० या आवृत्तीत. याच्या उलट बाजूला एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये ज्या भाषेचे काम आरंभिले त्या लिस्पची उभारणीच मुळी यादीवर, आणि यादीतील घटक पुन्हा यादी असू शकेल या तत्त्वावर झाली. एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच रिकर्सिव्ह फंक्शनांचा उल्लेख आहे, आणि तो योगायोग नव्हे. एकात एक असलेल्या याद्या आणि स्वतःला हाक मारणारी फंक्शने यांचा जन्म एकाच गरजेतून झालेला आहे. त्याच वर्षी अल्गोल ६० या भाषेचा अहवाल प्रसिद्ध झाला, तिच्यातही रिकर्शनला मुभा होती, आणि ती मुभा यंत्रावर कशी अमलात आणावी याचे विवेचन एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ‘रिकर्सिव्ह प्रोग्रॅमिंग’ या १९६० च्याच निबंधात केले: प्रत्येक हाकेसाठी स्टॅकवर नवी जागा घ्यावी, काम संपले की ती सोडावी, आणि सर्वांत शेवटी आलेले काम सर्वांत आधी संपते या गोष्टीचा लाभ घ्यावा. वर आपण पेन्सिलीने केलेले तहकुबीचे टिपण म्हणजे हा स्टॅकच होय.

आता अभ्यासाच्या पुढच्या पायऱ्या. बेरीज साधली की खोली काढावी, म्हणजे अ‍ॅरेत थर किती आहेत ते मोजावे. करार असा: सपाट अथवा रिकाम्या अ‍ॅरेची खोली १, अन्यथा पोटातील अ‍ॅरेंच्या खोलींपैकी सर्वांत मोठी, अधिक १. हे वाक्य थेट प्रोग्रॅममध्ये उतरविताना जावास्क्रिप्टच्या विद्यार्थ्याला एक विलक्षण अनुभव येतो. पोटात एकही अ‍ॅरे नसताना ‘सर्वांत मोठी खोली’ विचारली, तर त्या भाषेचे महत्तम काढणारे फंक्शन ऋण अनंत असे उत्तर देते, आणि त्यात १ मिळवूनही उत्तर ऋण अनंतच राहते. पायथनचे तत्सम फंक्शन उत्तर देण्याचेच नाकारून त्रुटी दाखविते. दोन्ही भाषा आपापल्या परीने बरोबर आहेत. रिकाम्या समूहाची बेरीज शून्य, गुणाकार १, आणि महत्तम मात्र ज्याच्याहून लहान काहीच नाही असे काहीतरी. म्हणून खोलीच्या हिशेबात तुलनेचा प्रारंभ शून्यापासून करावा, म्हणजे सपाट अ‍ॅरेची खोली शून्य अधिक १, अशी बरोबर येते.

त्यानंतर सपाटीकरण, म्हणजे थर मोडून [३, ४, १, ५, २] अशी एकच यादी तयार करणे. हे काम इतके नित्याचे आहे की जावास्क्रिप्टने २०१९ च्या प्रमाणात त्यासाठी ‘फ्लॅट’ नावाची सोयच दिली, जी सांगितल्याखेरीज एकच थर मोडते. ‘फ्लॅटन’ हे आधी योजलेले नाव सोडावे लागले, कारण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीवर उभी असलेली संकेतस्थळे त्यामुळे मोडत होती. सोय असली तरी अभ्यासासाठी हे फंक्शन स्वतः लिहावेच, कारण यात होणारी चूक फार बोधप्रद आहे: विद्यार्थी आतल्या अ‍ॅरेसाठी फंक्शनला हाक मारतो, परंतु तेथून परत आलेली यादी कोठेच जोडून घेत नाही. काम झाले, उत्तर आले, आणि ते जमेस न धरताच पुढे चाल झाली. बाहेरच्या थरावरील ३ तेवढे उत्तरात दिसले आणि बाकी सर्व गळाले, की समजावे चूक हीच आहे.

शोधाचा अभ्यास याहून सूक्ष्म आहे. [[१, २], [३, ४]] यात ३ आहे काय, असा प्रश्न आहे. नवशिक्याचे फंक्शन पहिल्या घटकापाशी येते, तो अ‍ॅरे आहे असे पाहते, आणि ‘शोध(घटक) याचे जे उत्तर येईल ते परत दे’ अशी ओळ तेथेच अमलात आणते. [१, २] मध्ये ३ नाही. उत्तर ‘नाही’ आले. आणि दुसऱ्या घटकाकडे दृष्टीही न टाकता तेच ‘नाही’ संपूर्ण अ‍ॅरेचे उत्तर म्हणून परत गेले. पहिल्याच तालुक्याने नकारार्थी जबाब दिल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांनी सबंध जिल्ह्यात तसे काही नाही असा अहवाल पाठवावा, तसे हे झाले. ‘आहे’ हे उत्तर मिळताक्षणी परत द्यावे. ‘नाही’ हे मात्र सर्व घटक तपासून झाल्यावर, लूपच्या बाहेर. फंक्शन नमुन्यांवर वारंवार बरोबर चालते आणि एखाद्याच ठिकाणी फसते, म्हणून शोधावयाची वस्तू पहिल्या अ‍ॅरेत, शेवटच्या अ‍ॅरेत आणि कोठेच नाही, असे तिन्ही नमुने चालवून पाहिल्याखेरीज ते पुरे झाले असे मानू नये.

‘घटक हा अ‍ॅरे असेल तर’ ही निरागस दिसणारी ओळही दक्षतेने लिहावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरेचा प्रकार विचारला तर ‘ऑब्जेक्ट’ असे उत्तर मिळते, जे इतर अनेक वस्तूंनाही लागू पडते. म्हणून तेथे अ‍ॅरेसाठी असलेली स्वतंत्र तपासणीच वापरावी. पायथनमध्ये काही जण ‘ज्याच्यावर लूप फिरविता येतो ते सर्व’ अशी व्यापक कसोटी लावतात, आणि यादीत अक्षरे आली की फसतात: पायथनमध्ये अक्षरमालेवरही लूप फिरतो, आणि एकाच अक्षराच्या मालेचा पहिला घटक म्हणजे तीच एका अक्षराची माला. फंक्शन आत उतरते, पुन्हा तेच सापडते, पुन्हा उतरते, आणि या उतरण्याला अंत नाही. पायथन साधारणतः १,००० हाकांची मर्यादा ओलांडली की काम थांबवून त्रुटी दाखविते. जावास्क्रिप्टही स्टॅक भरल्याची तक्रार करते, फक्त तिची मर्यादा इंजिनागणिक बदलते. स्वतःलाच पोटात घेणारी यादीसुद्धा असाच प्रसंग आणते. पायथन तशी यादी छापताना आतल्या जागी तीन टिंबे देऊन सावधपणे थांबते आणि रुबी तिचे सपाटीकरण करण्यास नकार देते. आपल्या फंक्शनला मात्र ही सावधगिरी आपणच शिकवावी लागते, आणि त्यासाठी सध्या उघडलेल्या याद्यांची नोंद ठेवून, त्यांतलीच एखादी पुन्हा समोर आली की मागे फिरावे लागते.

अ‍ॅरे खरोखरच हजारो थर खोल असतील तर स्टॅक आपल्या हाती घ्यावा. ‘बाकी कामे’ अशी एक यादी ठेवावी, तिच्या शेवटून एक घटक काढावा, तो संख्या असेल तर जमेस धरावा आणि अ‍ॅरे असेल तर त्याचे घटक पुन्हा त्याच यादीत घालावेत. यादी रिकामी झाली की काम संपले. बेरजेला हे थेट चालते, कारण बेरजेत क्रमाला महत्त्व नाही. सपाटीकरणात मात्र शेवटून काढण्यामुळे उत्तर उलटे येते, म्हणून घटक घालतानाच उलट्या क्रमाने घालावे लागतात. रिकर्शनमध्ये हा क्रम भाषा आपोआप सांभाळत होती, हे विद्यार्थ्याला येथे प्रथमच जाणवते.

डॅनियल फ्रीडमन यांच्या १९७४ मधील ‘द लिटल लिस्पर’ या पुस्तकात, जे अथपासून इतिपर्यंत प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेले आहे, याद्यांवरील अशाच अभ्यासातून वाचकाला क्रमाक्रमाने पुढे नेलेले आहे, आणि त्या परंपरेला अनुसरून शेवटचा अभ्यास मी सुचवितो तो गणिती पदावलीचा. [‘अधिक’, २, [‘गुणिले’, ३, ४]] असा अ‍ॅरे घ्यावा आणि त्याचे मूल्य काढणारे फंक्शन लिहावे. करार: संख्या दिली असता ती तशीच परत, अ‍ॅरे दिला असता पहिल्या घटकात क्रिया, बाकीच्या घटकांची मूल्ये याच फंक्शनने काढावीत आणि त्यांवर ती क्रिया करावी. आतून १२ येतात, बाहेर २ मिळून १४. बेरजेच्या फंक्शनहून हे फार निराळे नाही, आणि तरीही ही एका प्रोग्रॅमिंग भाषेची सुरुवात आहे, कारण लिस्पमध्ये प्रोग्रॅम हाच मुळी एकात एक असलेल्या याद्यांचा असतो. मॅकार्थी यांनी लिस्पचे मूल्यमापन करणारे असे फंक्शन कागदावर, सिद्धांताच्या विवेचनासाठी लिहिले होते. स्टीव्ह रसेल यांनी ते हाताने आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत उतरविले, आणि लिस्प चालू लागली.

या फंक्शनमध्ये पुढे ‘जर’ ही क्रिया घालावयाची झाली, म्हणजे [‘जर’, अट, एक वाट, दुसरी वाट] अशी, तर आधीच्या नियमाला अपवाद करावा लागतो. बाकीच्या सर्व घटकांची मूल्ये आधी काढून मग क्रिया करावी, हा क्रम येथे चालत नाही. कारण जी वाट घ्यावयाची नाही तिच्यात शून्याने भागाकार असू शकेल, किंवा स्वतःलाच पुन्हा मारलेली हाक असू शकेल. म्हणून आधी अटीचेच मूल्य काढावे, आणि त्यानंतर दोहोंपैकी ज्या वाटेची निवड झाली तेवढीच फंक्शनच्या हवाली करावी.